पंखापुराण

गेल्या शनिवारी तपकीर गल्लीत दीड तास घालवून मी दोन पंखे घेतले. छताचे नाहीत, टेबलावरचेही नाहीत. काँप्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसतात ते, तळहाताएवढे. दुकानदार म्हणाला, "कोणताही घ्या साहेब, सगळे सारखेच. लाइटचा रंग तेवढा बघा." मी विचारलं, बेरिंग कोणतं आहे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाजीवाल्याला मेथीचं गोत्र विचारलं होतं.

हा आगाऊपणा उगाच नाही. जळगावजवळ पप्पांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुकानातल्या काँप्युटरवर बिलं निघतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उधारीचं खातं असतं. खरिपाला बियाणं न्यायचं, कापूस विकला की पैसे द्यायचे, असा सगळा व्यवहार. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, बाहेर पारा ४४ वर असताना, कॅबिनेटचा मागचा पंखा फिरायचा थांबला. कुणाला कळलंच नाही. उलट पप्पा फोनवर मला कौतुकाने म्हणाले होते की मशीन आजकाल फार शांत चालतंय! चार दिवसांनी ते आपोआप बंद पडायला लागलं, मग हार्ड डिस्क गेली आणि तिच्याबरोबर अकरा महिन्यांची उधारी. बॅकअप? होता ना, आधीच्या जूनमधला. मीच घेतला होता आणि "दर महिन्याला घेत जा" असं सांगून पुण्याला परत आलो होतो. इंजिनियर मुलगा असण्याचा हा उपयोग! त्या पावसाळ्यात पप्पांनी एकेका शेतकऱ्याला विचारून वही परत लिहिली, "भाऊ, तुमच्याकडे किती निघतात?" बहुतेकांनी खरं सांगितलं. काहींनी दुकानावरून जाणारा रस्ता बदलला.

तेव्हा घाईत बसवलेला पंखाही आता घरघरायला लागला, म्हणून ही खरेदी. दरम्यान मी या पंख्याचा इतिहास वाचत बसलो होतो. (शनिवार-रविवारी माणसं ट्रेकला जातात. असो.) वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. काँप्युटरवाल्यांनी पंख्यावर कधी प्रेम केलंच नाही. आधी त्याला टाळायला बघितलं, आणि टाळता येईना तेव्हा त्याला गप्प बसवायला बघितलं.

टाळण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट ॲपलची. १९७७ च्या ॲपल २ मध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्जला पंख्याचा आवाज खपत नसे. रॉड होल्टने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय बनवला, जो जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायपेक्षा कमी तापे. तिथवर जमलं. पण लोक त्यात कार्डं भरू लागले तशी आत उष्णता साठू लागली, आणि केन्सिंग्टन कंपनीचा 'सिस्टिम सेव्हर' नावाचा, बाहेरून बाजूला लटकवायचा पंखा विकला जाऊ लागला. १९८० मध्ये ॲपल ३ आला. त्यातही पंखा नाही. ॲल्युमिनियमचा जाडजूड सांगाडा उष्णता बाहेर टाकेल असा हिशेब होता. मशीनं बंद पडू लागली, आतल्या चिप सॉकेटमधून सैल होऊ लागल्या. यावर ॲपलने ग्राहकांना सांगितलेला उपाय वाचून मी दोनदा डोळे चोळले: मशीन दोन-तीन इंच वर उचला आणि टेबलावर सोडून द्या, चिपा परत जागेवर बसतील. आपल्याकडे रेडिओला थापट मारायचे, तोच उपाय, फक्त कंपनीच्या सहीशिक्क्याचा. शेवटी पहिली १४,००० मशीनं बदलून द्यावी लागली. न्यायाने बोलायचं तर त्या सांगाड्याचा डिझायनर जेरी मॅनॉक याने नंतर सांगितलं की दोष उष्णतेचा नव्हता, सर्किट बोर्डाचा होता. काही असो, नाव पंख्याच्या अभावाचंच झालं. १९८४ चा पहिला मॅकिंटॉशही बिनपंख्याचा होता. जॉब्ज १९८५ मध्ये बाहेर पडला आणि १९८७ च्या मॅक एसईमध्ये पंखा आला. तो परत आल्यावर २००० मध्ये जी४ क्यूब आला, पुन्हा बिनपंख्याचा, आणि वर्षभरात बंदही झाला. याला म्हणतात हट्ट.

आयबीएमने असले लाड केले नाहीत. १९८१ च्या पीसीत ६३.५ वॉटचा पॉवर सप्लाय होता आणि त्याच डब्यात पंखा. आपल्याकडे ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याच्या मागून गरम वारा येतो, ती परंपरा तेव्हापासूनची.

या चपट्या पंख्याची खरी करामत मात्र जर्मनीतली. ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट गेऑर्गेन या घड्याळांच्या आणि रेकॉर्ड प्लेअरच्या गावी हर्मान पाप्स्ट नावाचा इंजिनियर होता. नेहमीच्या मोटरमध्ये बाहेर कॉइल स्थिर आणि आत रोटर फिरतो. पाप्स्टने ते उलटं केलं: कॉइल मधोमध, आणि रोटर वाटीसारखा तिच्याभोवती फिरणारा. वाटीवरच पाती लावली की मोटर पंख्याच्या पोटात मावते, मागे वेगळं बोचकं लागत नाही. पुढे ब्रश नसलेली डीसी मोटर आली, म्हणजे घासून झिजणारे कार्बन गेले. आज कॅबिनेटच्या पंख्यात झिजण्यासारखी एकच महत्त्वाची गोष्ट उरते, ती म्हणजे बेरिंग. पाती मोडत नाहीत, कॉइल सहसा जळत नाही. पंखा मरतो तो बेरिंगने.

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्लीव्ह, आपल्या मिस्त्रीच्या भाषेत बुश. ब्राँझची भुकटी दाबून भाजायची आणि तिच्या छिद्रांत तेल मुरवायचं. ही युक्ती क्रायस्लरने १९३० च्या सुमारास मोटारींसाठी काढलेली. नवा असताना हा पंखा अतिशय शांत असतो. पण तेल हळूहळू उडून जातं, आणि आडवा बसवला तर अजून लवकर. स्टिकर काढून शिवणमशीनचं तेल सोडण्याचा उद्योग ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, एकदा जमतो, दुसऱ्यांदा नाही. दुसरा प्रकार बॉल बेरिंगचा. उष्णतेला दणकट, कसाही बसवा, पण पहिल्या दिवसापासून थोडी कुरकुर. तिसरा प्रकार फ्लुइड डायनॅमिक. त्यात माशाच्या काट्यासारख्या बारीक खाचा कोरलेल्या असतात, आणि फिरताना त्या तेलाला आतच दाबून धरतात. दांडा तेलावर तरंगतो, धातूला धातू जवळजवळ लागत नाही. २००० च्या आसपास हार्ड डिस्कच्या मोटरी बॉलवरून याच प्रकारावर गेल्या. असल्या मोटरींमध्ये मोठं नाव जपानच्या निडेकचं, १९७३ मध्ये क्योटोत चार माणसांनी सुरू केलेली कंपनी.

आता गप्प बसवण्याची गोष्ट. १९९३ चा पहिला ६६ मेगाहर्ट्झ पेंटियम साधारण १६ वॉट खायचा आणि लोकांना तेही फार वाटलं होतं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं तेव्हा कल्पना अशी की एसएमपीएसचा पंखाच आत वारा सोडेल आणि प्रोसेसर गार ठेवेल. म्हणजे आधी एसएमपीएसमध्ये तापलेली हवा प्रोसेसरवर! पुढच्या आवृत्तीत वारा मुकाट्याने उलटा केला. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक व्हिडिओ काढला, चालू मशीनवरून हीटसिंक उपटून काढायचा. ॲथलॉनमधून काही सेकंदांत धूर निघाला. तेव्हाचे शौकीन ६० मिलिमीटरचे, मिनिटाला ७००० फेऱ्या मारणारे डेल्टाचे पंखे लावत. आमच्याकडे २००४ मध्ये पहिला काँप्युटर आला तेव्हा आई मिक्सर आणि तो, दोन्ही एकदम चालू करू देत नसे. डोकं उठतं म्हणून. त्याच वर्षी पेंटियम ४ चा प्रेस्कॉट आला, १०० वॉटच्या वर गेला, आणि इंटेलला नुसती गिगाहर्ट्झची शर्यत सोडावी लागली. वारा सरळ रेषेत खेळवण्यासाठी आखलेली बीटीएक्स रचना दोन-तीन वर्षांत गुंडाळली गेली.

या गोंगाटाला कंटाळून २००२ मध्ये कॅनडात माइक चिनने 'सायलेंट पीसी रिव्ह्यू' सुरू केलं. त्यांचं म्हणणं भौतिकशास्त्राचंच होतं. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवा: वारा निम्मा होतो, पण वीज एक अष्टमांश लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मग कमी पडलेला वारा मोठ्या पंख्याने भरून काढा. ८० ऐवजी १२० मिलिमीटर घेतला की क्षेत्रफळ सव्वादोन पट. पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रिया आणि तैवानच्या लोकांनी मिळून नॉक्चुआ काढली आणि २०१८ मध्ये तिने पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्धा मिलिमीटर फट ठेवलेला पंखा आणला. साधं प्लास्टिक वर्षानुवर्षं उष्णतेत फिरून ताणलं जातं, चौकटीला घासलं असतं, म्हणून वेगळं पॉलिमर वापरावं लागलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप! मला हे फार आवडलं.

पण एक खोच आहे. शांत आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खोक्यावर त्या एकत्र छापलेल्या असतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, आयुष्य ६०,००० तास. म्हणजे जवळजवळ सात वर्षं. सात वर्षं कुणी पंखा फिरवून बघत नाही. एक घाणा तापत्या खोलीत काही हजार तास फिरवतात आणि पुढचं गणिताने काढतात. बरेचदा हा आकडा एल१० असतो, म्हणजे तोवर शंभरातले दहा पंखे गेलेले असतील. आणि बहुधा तो ४० अंशांचा असतो. पंखेवाल्यांच्या हिशेबात दर १० अंशांना आयुष्य साधारण दीडपटीने घटतं. जळगावच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ५० सहज होतात, म्हणजे ६०,००० चे झाले ४०,०००. त्यात जिनिंगची कापसाची रुई पात्यांवर बसते, तोल जातो, बेरिंगवर झटके बसतात. आणि एमटीटीएफ हा वेगळा आकडा, साधारण एल१० पेक्षा बराच मोठा दिसणारा. दोन खोकी शेजारी ठेवून तुलना करताना दोन्हींवर एकच माप आहे का हे आधी बघा, नाहीतर मापटं आणि किलोची तुलना होते.

तर मी काय घेतलं? दोन्ही १२० मिलिमीटरचे, दोन्ही कमी वेगाचे, लाइट एकालाही नाही. पुढून हवा आत घेणारा फ्लुइड बेरिंगचा, कारण तिथे हवा त्यातल्या त्यात गार. त्याच्यापुढे धुवून परत लावता येईल अशी जाळी. मागचा, गरम हवा बाहेर फेकणारा, मुद्दाम दुहेरी बॉल बेरिंगचा. ऑफिसातला मित्र म्हणाला, आवाज करेल. करू दे! बुशवाला पंखा बरेचदा मुकाट्याने जाम होतो. बॉलवाला सहसा मरण्याआधी महिना महिना किरकिर करतो. दुकानात बसलेल्या माणसाला ती किरकिर ऐकू येते. गेल्या वेळी नेमकी तीच नव्हती.

रात्रीच्या बसने जळगावला गेलो, रविवारी सकाळी पंखे बसवले. जुन्या पंख्याचा दांडा बोटाने हलवला तर बुशमध्ये खुळखुळत होता, तेलाचा टिपूस नाही. उधारीचं खातं आता रोज रात्री आपोआप माझ्या पुण्याच्या मशीनवर येतं, ती व्यवस्था मागेच केली आहे.

मशीन चालू केलं. पप्पांनी कान लावला, "चालू आहे ना रे?"

"चालू आहे. थोडा आवाज येतोय बघा."

त्यांचं काही समाधान झालं नाही. बिलाच्या कागदाची एक बारीक पट्टी फाडून त्यांनी ती चिकटपट्टीने मागच्या जाळीच्या वरच्या कडेला चिकटवली. ती फडफडायला लागली. कॅबिनेट थोडं तिरकं करून ती गल्ल्यावरून दिसेल असं ठेवलं आणि म्हणाले, "हे लोंबायला लागलं की तुला फोन करतो."