पँटोग्राफच्या खिळ्याची कुळकथा

सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी वाद घालणारा ख्रिस्टोफ शायनर तरुणपणी डिलिंगनला होता. डॅन्यूबकाठचं हे गाव आज बव्हेरियात आहे. तिथे एका चित्रकाराने त्याला सांगितलं, की कुठलंही चित्र हव्या त्या मापात उतरवणारं यंत्र आपल्याकडे आहे. यंत्राची रचना मात्र तो काही केल्या सांगेना. मग शायनरने ती स्वतःच शोधून काढली. ते वर्ष होतं 1603, आणि त्यावरचं त्याचं पुस्तक रोममध्ये छापून आलं 1631 साली. हाच पँटोग्राफ.

यंत्र अगदी साधं. दोन लांब आणि दोन आखूड अशा चार पट्ट्या अशा रीतीने जोडायच्या की मधे समांतरभुज चौकोन तयार होईल. एका लांब पट्टीचं टोक खिळ्याने फळीवर पक्कं करायचं, दोन लांब पट्ट्या जिथे जुळतात त्याच्या समोरच्या, चौकोनाच्या सांध्यावर चित्रावरून फिरवायची सुई लावायची आणि दुसऱ्या लांब पट्टीच्या टोकाला पेन्सिल. पट्ट्या कशाही हलवा. खिळा, सुई आणि पेन्सिल एका रेषेतच राहतात, कारण लहान आणि मोठा असे दोन समरूप त्रिकोण प्रत्येक क्षणी कायम असतात. पेन्सिल खिळ्यापासून सुईच्या तिप्पट अंतरावर असेल, तर चित्राची प्रत्येक लांबी तिप्पट होते. क्षेत्रफळ मात्र नऊपट, आणि मुलं नेमकी इथेच चुकतात. सुई-पेन्सिलीची अदलाबदल केली की तेच यंत्र चित्र लहान करतं.

आता खिळा सुई आणि पेन्सिलीच्या मधे आणा. चित्र मोठं होतं आणि उलटंही, म्हणजे 180 अंशांत फिरलेलं. म्हणजे परिवलन या यंत्रात आधीपासूनच दडलेलं होतं! 1875 साली इंग्रज गणिती जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टरने ते कुठल्याही कोनासाठी मोकळं केलं. समांतरभुज चौकोनाच्या दोन लगतच्या बाजूंवर त्याने परस्परसमरूप त्रिकोण बसवले. सुई आणि पेन्सिल आता खिळ्याशी एका रेषेत नसतात, पण त्यांच्यातला कोन ढळत नाही आणि अंतरांचं गुणोत्तरही बदलत नाही. गुणोत्तर 1 ठेवलं तर चित्र फक्त फिरतं. या यंत्राला त्याने प्लॅजिओग्राफ म्हटलं. संमिश्र संख्येने गुणणं म्हणजे नेमकं हेच, ठरावीक पटीत मोठं-लहान करणं आणि ठरावीक कोनातून फिरवणं, आणि ते इथे लाकडाच्या पट्ट्यांत डोळ्यांना दिसतं. मला हे फार सुंदर वाटतं.

शाळेत फिरवणं आणि मोठं करणं दोन वेगळ्या नियमांसारखं शिकवलं जातं, आणि दोन्हींना लागणारा खिळा, म्हणजे केंद्र, मागे पडतो. आपल्या दहावीच्या भूमितीत एक शिरोबिंदू सामाईक ठेवून समरूप त्रिकोण काढायची रचना आहे. तो सामाईक बिंदू म्हणजे शायनरचा खिळाच. ती रचना झाली की शिक्षकांनी मुलांना केंद्र त्रिकोणाबाहेर कुठेतरी घेऊन तोच त्रिकोण त्याच पटीत पुन्हा काढायला लावावा. आकार आणि माप तेच येईल, फक्त जागा बदलेल.