हिरवे, पण निद्रिस्त : आल्प्समधील एका शोधाचा इतिहास

१/ जानेवारी १९५१. स्वित्झर्लंडमधील अँडरमाट या गावावर तासाभरात सहा हिमस्खलने कोसळली आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या हिवाळ्यात संपूर्ण आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक बळी गेले; सर्वाधिक हानी ऑस्ट्रियाची झाली. या आपत्तीने एका शालेय वाटणाऱ्या प्रश्नाला जीवनमरणाचे महत्त्व आले : सदाहरित झाड हिवाळ्यात स्वतःचे अन्न तयार करते का?

२/ झाडे आणि हिमस्खलन यांचा संबंध डोंगरी माणसाला फार पूर्वीच उमगला होता. दाट रानातील खोड बर्फाचा थर जागच्या जागी धरून ठेवते. म्हणूनच अँडरमाटच्या डोक्यावरील सूचिपर्णी रान १३९७ पासून राखीव आहे. तिथून लाकूडच काय, झाडाचे शंकूही नेण्यास मनाई होती. इतर असंख्य दऱ्यांत मात्र कुरणांसाठी वरची राने तुटत गेली. वृक्षरेषा, म्हणजे जिच्यापलीकडे झाडे वाढत नाहीत ती सीमा, माणसाने खाली ओढली आणि उघडा पडलेला उतार बर्फाच्या हवाली केला.

३/ उपाय उघड होता : पुन्हा झाडे लावणे. पण एवढ्या उंचीवर लावलेली रोपे मरत होती, आणि ती नेमकी कशाने मरतात हे ठाऊक असल्याशिवाय लागवड म्हणजे निव्वळ जुगार. म्हणून पन्नाशीच्या दशकात ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, सुमारे १९०० मीटर उंचीवरील ओबरगुर्गल येथे संशोधन सुरू झाले. वाल्टर ट्रांक्विलिनी हे त्यातील प्रमुख नाव. झाड होते सेंब्रा पाइन : पाच-पाच सुयांचे झुबके असलेला, अतिशय मंद वाढणारा, आल्प्समधील सर्वांत चिवट वृक्षांपैकी एक.

४/ मोजायचे कसे? डहाळी पारदर्शक कक्षात ठेवायची, तिच्यावरून हवा सोडायची आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील कार्बन डायऑक्साइडची तुलना करायची. वायू घटला तर प्रकाशसंश्लेषण चालू. वाढला तर झाड केवळ श्वसन करीत आहे, म्हणजे साठ्यातले खात आहे. अवरक्त किरणांनी हा वायू अखंड मोजणारे उपकरण जर्मनीत १९३८ मध्ये तयार झाले आणि १९४९ मध्ये वनस्पतींसाठी वापरात आले होते. त्याच्याविना डोंगरावर वर्षभराचा हिशेब मांडणे जवळजवळ अशक्य होते.

५/ इन्सब्रुकच्या आर्थर पिसेक आणि एंगेलबर्ट विंक्लर यांनी १९५८ मध्ये वेगवेगळ्या उंचीवरील स्प्रूस वृक्षांची तुलना प्रसिद्ध केली. दरीतील स्प्रूस कडाका नसेल तेव्हा हिवाळ्यातही थोडीफार कमाई करी. वृक्षरेषेवरील स्प्रूसचा व्यवहार मात्र कित्येक महिने पूर्ण बंद. दुपारी ऊन लखलखीत असले, सुया हिरव्यागार दिसत असल्या, तरीही बंद. गोठवणाऱ्या रात्रींमागून रात्री गेल्या की यंत्रणाच झोपी जाते. एखादी उबदार दुपार तिला जागे करू शकत नाही.

६/ ही झोप आळसाची नव्हे. थंडीत पानातील रासायनिक क्रिया मंदावतात, पण हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते. हा न वापरलेला प्रकाश पानालाच जाळू शकतो. म्हणून हिवाळी सुया विशिष्ट पिवळ्या रंगद्रव्यांच्या साहाय्याने तो उष्णतेच्या रूपात उधळून टाकतात. उंचावर ऊन प्रखर आणि बर्फावरून परावर्तित होणारे तेज वेगळेच; तिथे ही उधळपट्टीच जीव वाचवते.

७/ मग रोपे उपासमारीने मरत होती का? येथे हिशेबाने अनपेक्षित वळण घेतले. ट्रांक्विलिनींनी १९५९ मध्ये मांडलेल्या वर्षभराच्या ताळेबंदात छोट्या उन्हाळ्याची कमाई हिवाळ्याच्या खर्चाला पुरून उरत होती. मारेकरी दुसराच होता : तहान. जमीन गोठलेली, मुळांतून पाणी येत नाही, आणि वर ऊन-वारा सुया सुकवतो. आखूड उन्हाळ्यात नव्या सुयांचे मेणचट आवरण पुरते पक्व होत नाही, त्यामुळे जितकी उंची अधिक तितकी ही गळती अधिक. बर्फाखाली दडलेले रोप अंधारात काही कमावत नाही, पण सुकतही नाही. बर्फाबाहेर डोकावलेला शेंडा मात्र वसंतापर्यंत तपकिरी पडतो.

८/ यावरून लागवडीचे धोरण बदलले. हर्बर्ट आउलित्स्की यांनी वारा आणि बर्फ उतारावर कसे वाटले जातात याचा बारकाईने अभ्यास केला. वाऱ्याने उघडे पडणारे कंगोरे टाळायचे. जिथे बर्फ उन्हाळ्यापर्यंत रेंगाळतो आणि बुरशी रोप खाते ते खळगेही टाळायचे. रोप लावायचे ते या दोहोंमधल्या पट्ट्यात.

९/ तरीही वृक्षरेषा तिथेच का थांबते, हा वाद शमला नाही. २००२ मध्ये बाझेलच्या गुंटर होख, क्रिस्टियान क्योर्नर आणि सहकाऱ्यांनी स्विस आल्प्समधील सेंब्रा पाइन तपासले. उंचीबरोबर झाडांतील साखर-पिष्टाचा साठा घटण्याऐवजी वाढत होता! प्रकाशसंश्लेषण शून्य अंशाच्या आसपासही काही प्रमाणात चालते. नव्या पेशी घडवण्याचे काम मात्र सुमारे पाच अंशांखाली जवळजवळ ठप्प होते. कोठार भरलेले, पण बांधकाम बंद, अशी ही अवस्था. जगभरच्या वृक्षरेषा वाढीच्या हंगामात सरासरी ६ ते ७ अंश तापमानाशी जुळतात, हे क्योर्नर आणि पाउलसन यांनी २००४ मध्ये दाखवले.

१०/ आज आल्प्सच्या अनेक उतारांवर पोलादी हिमकुंपणांच्या रांगांमध्ये लहान सेंब्रा पाइन उभे दिसतात. त्या उंचीवर हे झाड माणसाएवढे होण्यास दोन-तीन दशकेही लागू शकतात. तोवर खालच्या गावाची राखण कुंपणाकडे असते.