विणेचा पहारा आणि ग्रामसभेचा कोरम

यंदा २६ जानेवारीला आमच्या गावची (खालापूर तालुका, कर्जत-खोपोली रस्त्यापासून जरा आत) ग्रामसभा तहकूब झाली. कोरम नाही! एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा लहान तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमली नाहीत. आणि महिनाभर आधीच आम्ही 'नोकरी शहरात, शनिवारी गावात' छाप मंडळींनी शाळेची भिंत रंगवली होती. खराटा घेतलेले गाडगेबाबा, खाली 'ग्रामसभेला या'. लोकांनी फोटो काढले, बस्स. आत्या म्हणाली, "चित्र ब्येस हाय रे, पन आमाला इचारलं कुनी?"

याच गावात हरिनाम सप्ताह बसला की मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. असं का?

उत्तर भिंतीवरच्या बाबांकडेच होतं. डेबूजी झिंगराजी जाणोरकर (१८७६-१९५६) यांनी १९०५ साली घर सोडलं. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे. ते बघून हळूहळू गावकरीही हात लावायचे. कीर्तन रात्री, आणि तेही वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारत. कर्ज काढून सण कशाला? देवापुढे बकरं का? पोर शाळेत का नाही? उत्तर समोरच्यांनी द्यायचं. मध्ये देवकीनंदनाचा गजर, तोही सगळ्यांनी मिळून. असा श्रोता नुसता श्रोता राहत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा लोकांच्याच पैशातून उभ्या राहिल्या. त्यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. २०००-०१ मध्ये सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा बक्षिसासाठी का होईना, कितीतरी गावांनी श्रमदान केलं.

सप्ताहाचंही तेच. वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून पहाऱ्याची यादी लागते. रात्री दोनचा पहारा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी भाजी चिरतो, कुणी पंगत वाढतो. सप्ताहाला देव असतो, जेवण असतं, हे मान्य. पण प्रत्येकाच्या नावावर काहीतरी काम असतं, हे जास्त महत्त्वाचं. आमच्या भिंतीने गावाला एकच काम दिलं होतं : बघायचं. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर नुसतं आउटपुट, इनपुट घ्यायची सोयच नाही.

असो. १ मेच्या ग्रामसभेआधी त्याच भिंतीच्या उरलेल्या भागावर गावाचा नकाशा काढायचा ठरलंय. वाड्या, विहिरी, नळ, गटारं. पण रंगाचे डबे आमच्याकडे नाहीत. ज्याच्या दारात पाणी येत नाही, त्याने स्वतःच्या हाताने तिथे लाल ठिपका द्यायचा, आणि सभेत त्या ठिपक्याबद्दल विचारायचं.

पहिला ठिपका आत्याचा. तिने आत्ताच बजावून ठेवलंय.