तळटीप : सग्वारोचे खोड

१. सग्वारो : अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या प्रांतांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातील खांबासारखा निवडुंग, जुने झाड १२ मीटरहूनही उंच होते. याची पाने काट्यांत रूपांतरित झाल्यामुळे अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. सालीवरील मेणचट थर पाणी उडून जाऊ देत नाही. रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लरूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरला जातो. आतल्या गरातील बुळबुळीत द्रव्य पाणी धरून ठेवते. खोडाच्या उभ्या घड्या पावसानंतर पेटीच्या भात्यासारख्या फुलतात व कोरड्या महिन्यांत मिटतात. म्हणून साल फाटत नाही. हा सारा भार आतल्या लाकडी फासळ्या पेलतात. तिथले तोहोनो ओओधाम लोक वाळलेल्या फासळ्यांच्याच काठ्यांनी उंचावरची फळे पाडतात. आपल्याकडचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचा. त्याचे चपटे फड म्हणजे पाने नव्हेत, खोडच. चीक गळणारा तीनधारी निवडुंग मात्र या कुळातला नाही. — संपा.