तळ्याच्या वाटेवरचे गाणे : मोटारीतील आवाजाचा इतिहास

१/ मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळले की रस्ता डोंगरांतून तळ्याकडे निघतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर शिवाजी महाराजांकडे जे १२ किल्ले राहिले, त्यांत येथील तळगड होता. या वाटेवर मोटारीत गाणे वाजत राहते, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. पण त्यासाठी तीन अडसर दूर व्हावे लागले: वीज, सरकार आणि दूरवरचा मनोरा.

२/ पहिला अडसर विजेचा. जुन्या रेडिओतील काचेच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट लागत. मोटारीची बॅटरी बहुधा ६ व्होल्टची. १९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा संच आला. त्याची किंमत एका लहान मोटारीच्या जवळजवळ तृतीयांश होती.

३/ व्होल्ट वाढवण्याची युक्ती पुढे ‘व्हायब्रेटर’ने साधली. थरथरणारी एक पट्टी बॅटरीचा प्रवाह सेकंदाला अनेकदा तोडी आणि जोडी. हा खंडित प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून गेला की व्होल्ट वाढत. ही युक्ती लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

४/ दुसरा अडसर सरकारचा. ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट, १९३३’ नुसार परवान्याशिवाय रेडिओ बाळगणे हाच गुन्हा होता, मग तो घरात असो वा मोटारीत. पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत कित्येक दशके टिकली. श्रोत्यांची तिच्यातून सुटका झाली ती १९८० च्या दशकात.

५/ परवाना हाती असला तरी कार्यक्रम दुसराच कुणी ठरवी. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीते आकाशवाणीच्या इभ्रतीला साजेशी वाटत नसत. ती गीते मागे पडताच श्रोते रेडिओ सिलोनकडे आणि अमीन सयानींच्या गीतमालेकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. संच कितीही उत्तम असला तरी निवड श्रोत्याच्या हाती नव्हती.

६/ १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ सादर केला. काचेचे व्हॉल्व्ह गेले, त्यांच्यासाठी लागणारा मोठा व्होल्टही गेला. विजेचा अडसर तूर्त सुटला.

७/ तिसरा अडसर मनोऱ्याचा. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. यावरचा उपाय आला तो वेगळ्याच दिशेने. १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने लू ओटेन्स यांच्या चमूने घडवलेली कॅसेट मांडली. काही वर्षांतच तिचा प्लेअर मोटारीत बसला.

८/ भारतात १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. टॅक्सीत, ट्रकमध्ये, जीपमध्ये कोळीगीते, भजने, लोकगीते वाजू लागली. काय ऐकायचे हे आता मंत्री ठरवीत नव्हता, मनोराही ठरवीत नव्हता. ठरवीत होता चालक. मोटारीतील आवाजाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे सत्तांतर होय.

९/ निवड हाती आली, तशी अधिक जोरकस आवाजाची हौस वाढली आणि जुना विजेचा अडसर परतला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साध्या जोडणीने ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ५-६ वॉट मिळतात. ‘ब्रिज’ जोडणीत सुमारे २० वॉट. त्यापुढे जायचे तर ॲम्प्लिफायरच्या आतच व्होल्ट वाढवावा लागतो. प्रवाह वेगाने तोडायचा, जोडायचा, ट्रान्सफॉर्मरमधून न्यायचा: व्हायब्रेटरचीच युक्ती, फक्त पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर.

१०/ बॅटरीतून ६०० वॉट घ्यायचे तर १२ व्होल्टवर ५० अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून जाड तार लागते आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. तो नसेल आणि तार कुठे घासून उघडी पडली, तर मोटार पेट घेऊ शकते.

११/ आवाज काचेबाहेर पडला की प्रश्न केवळ मालकाचा राहत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटाविरुद्ध विस्तृत निकाल दिला. तत्त्व सरळ आहे: ऐकण्याचा हक्क एकाला आहे, तसा न ऐकण्याचा हक्क दुसऱ्यालाही आहे. कानांचेही गणित कठोर आहे. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते.

१२/ आता कॅसेट गेली, सीडीही गेली. गाणे फोनमधून येते. पण इंटरनेटवरून थेट ऐकणारा पुन्हा मनोऱ्यावरच विसंबतो. डोंगराआड सिग्नल गेला की महागडी यंत्रणाही मुकी होते आणि ज्याने गाणी आधीच उतरवून ठेवली आहेत, त्याचे गाणे तळ्यापर्यंत पोहोचते. कॅसेटने शिकवलेला धडा एवढाच होता: जे स्वतःजवळ आहे, तेच हवे तेव्हा ऐकता येते.