वसाहतवादाची खिल्ली उडविणारी युद्धकथा

'द नेम ऑफ द रोझ' (१९८६) आणि 'सेव्हन इयर्स इन तिबेट' (१९९७) या चित्रपटांमुळे फ्रेंच दिग्दर्शक झाँ-जाक आनो जगभर परिचित झाले. त्यांचा पहिला चित्रपट मात्र आज फारसा कोणाला आठवत नाही. 'ला व्हिक्ट्वार आँ शाँताँ' हा तो १९७६ सालचा लष्करी विनोदपट. इंग्रजीत तो 'ब्लॅक अँड व्हाइट इन कलर' या नावाने ओळखला जातो.

कथा १९१५ सालची आहे. आफ्रिकेतील एका दुर्गम ठाण्यावरील फ्रेंच व्यापारी आणि मिशनरी शेजारच्या जर्मनांशी सलोख्याने राहत असतात. युरोपात महायुद्ध पेटल्याची वार्ता जुन्या वृत्तपत्रांतून कित्येक महिन्यांनी तेथे पोहोचते. तत्क्षणी सर्वांच्या अंगात देशभक्ती संचारते. मात्र लढायचे कोणी? गावोगावच्या आफ्रिकी तरुणांना पकडून त्यांच्या हाती बंदुका दिल्या जातात. गोरी मंडळी फराळाचे डबे घेऊन सहलीला निघावे तशी लढाई पाहायला जातात. पहिल्याच चकमकीत धूळधाण उडते आणि सूत्रे एका तरुण भूगोलतज्ज्ञाकडे येतात. हा समाजवादी, शांतताप्रिय गृहस्थ सत्ता हाती येताच अधिक कार्यक्षमतेने माणसे युद्धाच्या खाईत लोटू लागतो. चित्रपटाचा खरा डंख येथेच आहे. मूर्खांच्या उन्मादापेक्षा सुशिक्षिताची शिस्त अधिक घातक ठरते. प्राण मात्र ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नाही त्यांचे जातात.

आनो यांनी लष्करी सेवेचा काळ कॅमेरूनमध्ये व्यतीत केला होता. आफ्रिकेची ओळख त्यांना तेथेच झाली. पटकथा त्यांनी झॉर्ज काँशाँ यांच्यासह लिहिली. झाँ कार्मे यांनी सार्जंटची, तर झाक स्पिएसेर यांनी भूगोलतज्ज्ञाची भूमिका केली आहे. चित्रपटाचे मूळ नाव फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील एका प्रसिद्ध समरगीताच्या आरंभीच्या शब्दांवरून घेतले असून, त्यातील उपरोध फ्रेंच प्रेक्षकाला सहज उमगावा असा आहे.

फ्रान्समध्ये या चित्रपटाकडे प्रथम प्रेक्षकांनी पाठ फिरवली. चित्रीकरण झालेल्या आयव्हरी कोस्टने तो ऑस्करसाठी पाठविला. १९७७ मध्ये सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा स्पर्धेत फ्रान्सची अधिकृत प्रवेशिका 'कूझँ, कूझीन' हीदेखील होती. १९६० पर्यंत फ्रान्सची वसाहत असलेल्या देशाच्या नावावर हा सन्मान नोंदला गेला. त्यानंतर फ्रान्समध्ये चित्रपट नव्या नावाने पुन्हा प्रदर्शित करण्यात आला.