ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडण्याची व्यवस्था होय. दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत नाहीत. एकीतून दुसरीत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. विंडोज आणि लिनक्सचे एखादे वितरण ही यातील नेहमीची जोडी आहे. मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात या व्यवस्थेला एक वेगळे कारणही आहे: युनिकोडपूर्व काळातील फायली.

कार्यपद्धती

संगणकाला वीज मिळताच प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर चालते व ते बूट लोडर या छोट्या प्रोग्रॅमकडे सूत्रे सोपवते. जुन्या बायॉस पद्धतीत बूट लोडरचा आरंभीचा भाग डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असे. तेथे एकाच लोडरला जागा असल्याने नंतर स्थापित केलेली विंडोज आधीचा लोडर पुसून टाकत असे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा दंडक यातूनच पडला. यूईएफआय पद्धतीत फॅट३२ स्वरूपाच्या एका लहान पार्टिशनमध्ये प्रत्येक प्रणालीचा लोडर स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो, त्यामुळे हा प्रश्न बराच सौम्य झाला आहे. लिनक्स वितरणांत बहुधा ग्रब हा लोडर असतो. २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून ग्रब इतर प्रणालींचा शोध मूळ मांडणीत आपणहून घेत नाही; त्यामुळे काही वितरणांत विंडोज निवडसूचीत दिसत नाही आणि ती गेली असा गैरसमज होतो.

मराठी मजकूर आणि ड्युअल बूट

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी प्रामुख्याने विंडोजवर, पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या संचांतील फाँट वापरून होत असे. या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असत. फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. पेजमेकरची ७.० ही अखेरची मुख्य आवृत्ती २००१ मधील असून तिला देवनागरी युनिकोड हाताळता येत नाही.

धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, हँडबिले आणि शाळांच्या स्मरणिका जुळवणाऱ्या व्यवसायात अशा फायलींचे मोल मोठे असते. विंडोज पूर्णपणे काढून लिनक्स बसवल्यास फायली डिस्कवर राहतात, पण त्या दुरुस्त करण्याचे साधन जाते. अशा वेळी नव्या कामासाठी लिनक्स व जुन्यासाठी विंडोज ही विभागणी सोयीची पडते. लिनक्समध्ये मराठीसाठी वापरला जाणारा लोहित देवनागरी हा फाँट ज्या मालिकेतील आहे, ती रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. तिचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. श्रीलिपीही याच कंपनीची.

जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु तो जसाच्या तसा विश्वासार्ह नसतो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलट आहे. त्यामुळे परिवर्तनातील चुका जोडाक्षरांत, वेलांट्यांत आणि रफारांत साचतात व मुद्रितशोधन अटळ ठरते. ड्युअल बूटमध्ये मूळ आणि नवी प्रत एकाच वेळी उघडता येत नाही. त्यासाठी विंडोजमधून मूळ फाइलची पीडीएफ काढून ती दोन्ही प्रणालींना वाचता येईल अशा एनटीएफएस किंवा एक्सफॅट पार्टिशनवर ठेवतात. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत असल्याने पान बरोबर दिसते; त्यातून मजकूर कॉपी केल्यास मात्र पुन्हा रोमन गुंताच हाती येतो.

स्थापना आणि धोके

स्थापनेतील खरी जोखीम पार्टिशन लहान करताना असते. फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय हे काम सुरू करणे अविचाराचे होय. विंडोजचे पार्टिशन विंडोजमधीलच डिस्क मॅनेजमेंटने लहान करणे तुलनेने सुरक्षित असते. उबुंटूसाठी किमान २५ जीबी जागा सुचवली जाते. डिस्कवर बिटलॉकरचे कूटबंधन असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी लागते. भारनियमनाच्या भागात यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम विशेष धोक्याचे आहे. पार्टिशन सरकत असताना वीज गेल्यास संपूर्ण पार्टिशन वाचण्यापलीकडे जाऊ शकते.

विंडोज ८ पासून आलेली फास्ट स्टार्टअप सुविधा बंद करणे आवश्यक असते. ती चालू असताना ‘शट डाउन’ केलेली विंडोज पूर्णतः बंद होत नाही, आणि त्या स्थितीत लिनक्समधून तिच्या पार्टिशनवर लिहिल्यास फायली बिघडू शकतात.

सिक्युअर बूटमुळेही अडथळे येतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर जुने लोडर असलेली काही लिनक्स वितरणे ड्युअल बूट संगणकांवर सुरूच होईनाशी झाली होती.

घड्याळातील तफावत

लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळात सहसा जागतिक समन्वित वेळ ठेवते, तर विंडोज त्याच घड्याळातील वेळ स्थानिक समजते. भारतात हा फरक ५ तास ३० मिनिटांचा आहे. लिनक्स वापरल्यानंतर दुपारी ४ वाजता विंडोज सुरू केल्यास सकाळचे १०.३० दिसतात. इंटरनेट असल्यास वेळ पुढे दुरुस्त होते. इंटरनेट नसलेल्या संगणकावर ती तशीच राहते, आणि पहाटे साडेपाचपूर्वी केलेल्या बिलांवर आदल्या दिवशीची तारीख पडते. दोहोंपैकी एका प्रणालीची मांडणी बदलून हा दोष कायमचा घालवता येतो.

पर्याय

व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालतात, पण त्यासाठी रॅम जास्त लागते. काही जुन्या अक्षरजुळणी सॉफ्टवेअरला लागणारे हार्डवेअर लॉक तेथे नेहमीच ओळखले जात नाही. केवळ ओळख करून घेण्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवणे पुरेसे असते.

काढून टाकणे

लिनक्स नको असल्यास थेट तिचे पार्टिशन पुसण्याची चूक वारंवार होते. ग्रबच्या फायली त्याच पार्टिशनवर असल्याने संगणक ‘ग्रब रेस्क्यू’ अशा काळ्या पडद्यावर थांबतो. विंडोज तेव्हाही डिस्कवर शाबूत असते. यूईएफआय संगणकात फर्मवेअरच्या यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडल्यास ती सुरू होते. बायॉस संगणकात विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कवरून तिचा लोडर पूर्ववत करावा लागतो.